फवारणीच्या कामावर नवीन आहात? गोव्यातल्या बागायतीत अंग सांभाळून काम कसं करावं

काजूला पालवी आणि मोहोर धरू लागला की सत्तरी, डिचोली, सांगे, काणकोणच्या उतारांवर पंप बाहेर निघतात. पावसाच्या तोंडावर कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या (पोफळीच्या) बागांत, बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाची, पिंपं तयार होतात. वांगी, मिरची, भेंडी, वाली लावणाऱ्यांचं तर वर्षभर काही ना काही चालूच असतं. या कामाला लागणारा माणूस पुष्कळदा नवखा असतो. कोणी शेजारच्या राज्यातून मजुरीला आलेला, कोणी नोकरी सोडून वडिलोपार्जित भाट (बागायत) बघायला लागलेला. पंप कसा चालवायचा हे त्याला पाच मिनिटांत दाखवतात. त्या पंपातलं कीटकनाशकाचं पाणी अंगाला काय करतं, हे सांगायला मात्र कोणी थांबत नाही.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. नवा माणूस कामाला निघताना तोंडाला रुमाल किंवा पंचा बांधतो आणि आपली काळजी घेऊन झाली असं समजतो. फवारणाऱ्याच्या अंगात औषध शिरतं ते मुख्यतः कातडीतून: हातांतून, पाठीतून, भिजलेल्या विजारीतून. नाकातून जाणारा भाग त्या मानाने बराच कमी. आणि सगळीकडची कातडी सारखी नसते. कपाळ, डोकं, कानाच्या आतली बाजू इथून औषध हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी लवकर आत जातं. जांघेतून आणि अंडकोषाच्या कातडीतून तर सगळ्यात जास्त. म्हणजे रुमाल बांधलेला पण विजार भिजलेला माणूस रुमाल नसलेल्या पण कोरड्या माणसापेक्षा जास्त धोक्यात आहे. त्यात तो रुमालही फवाऱ्याने ओला होतो आणि तेच पाणी दिवसभर ओठांना लागत राहतं. पुढच्या प्रत्येक पायरीचं गणित एकच आहे, कोरडं राहणं आणि भिजलात तर लगेच धुणं.

पहिलं काम: मांगर उघडून बघा

नवीन औषध आणण्याआधी मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, आधीपासून काय पडलंय ते पाहा. कौलांच्या खाली, भिंतीच्या कोनाड्यात दहा-दहा वर्षांच्या बाटल्या आणि पुड्या निघतात. केळीच्या खड्ड्यात टाकायचं फोरेट आणि मांगरात हमखास सापडणारं डायक्लोरव्हॉस या दोन्हींवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. धुरळणीच्या पावडरीतलं मिथाइल पॅराथिऑन २०१८ सालीच बंद झालं. एंडोसल्फान त्याही आधी, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं. हे शेवटचं नाव काजूवाल्यांनी विसरू नये. केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या सरकारी मळ्यांवर ते वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने फवारलं गेलं आणि खाली राहणाऱ्या गावांतल्या लोकांनी, मुलांनी त्याची किंमत मोजली. लेबल फाटलेली, नाव न वाचता येणारी बाटली वापरायची नाही, तिचा वास घेऊन ओळखायचा प्रयत्नही करायचा नाही. ती विहिरीपासून लांब बाजूला ठेवा आणि तुमच्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा.

मांगर बघताना आणखी एक गोष्ट तपासा. फेणी, हुर्राक (काजूची हलकी दारू), खोबरेल, रॉकेल आणि औषध एकाच फळीवर आहे का? आपल्याकडे फेणी पाण्याच्या किंवा सोड्याच्या बाटलीत भरून ठेवायची सवय आहे, आणि उरलेलं औषधही लोक तसल्याच बाटलीत ओततात. संध्याकाळच्या अंधारात दोन्हींत फरक कळत नाही. २०१३ साली बिहारमध्ये शाळेचं मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली. त्या स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं होतं. औषध मूळ बाटलीतच, कुलपात, आणि खाण्यापिण्याच्या कुठल्याही वस्तूपासून वेगळं. घरमालक किंवा मुकादम याला टाळाटाळ करत असेल तर त्याच्याकडे फवारणीला जाऊ नये असं माझं मत आहे.

लेबलवरचा रंगीत चौकोन

प्रत्येक बाटलीवर एक चौकोन असतो, कोनावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, वर कवटी आणि हाडांचं चित्र. पिवळा म्हणजे जहाल विषारी, निळा मध्यम, हिरवा त्या मानाने सौम्य. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही हे समजावं म्हणूनच रंग ठेवले आहेत, पण मजुराच्या हातात सहसा पंपात भरलेलं पाणी येतं, बाटली येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा: बाटली दाखवा. यात उद्धटपणा काही नाही.

या रंगाची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवायला हवी. तो एका वेळी पोटात किंवा अंगावर गेल्यास काय होईल एवढंच सांगतो. दहा वर्षं थोडं-थोडं जात राहिलं तर काय, याबद्दल तो गप्प आहे. आणि उपचार सोपा की अवघड, हेही रंगावरून कळत नाही. गवत जाळायला वापरतात ते पॅराक्वाट पिवळ्या चौकोनात येतं, पण त्यावर उतारा म्हणून काहीच नाही. एखादा घोट गेला तरी आधी तोंड सोलतं, मग माणूस दोन-तीन दिवस बरा दिसतो आणि नंतर फुफ्फुसं आकसत जातात. पॅराक्वाटचा घोट गेलेला माणूस बरा वाटतोय म्हणून घरी ठेवणं म्हणजे त्याला मरायला सोडणं. बागेत मुलं असतील, घरात कोणी मनाने खचलेलं असेल, तर ही बाटली घरी आणूच नका. काजू पडायच्या आधी झाडाखालचं गवत कोयत्याने किंवा मशीनने कापायला जास्त मजुरी जाते हे खरं. तरी मी कापणीच्याच बाजूचा. दुसरं गवतनाशक ग्लायफोसेट. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ते फक्त परवानाधारक कीटकनियंत्रकांमार्फतच वापरावं असा आदेश काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं, मॅलॅथिऑनलाही. या वर्गवारीवर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण ‘गवताचं औषध माणसाला काही करत नाही’ हे दुकानात ऐकू येणारं वाक्य त्या वादातही कोणी म्हणत नाही.

दुकानातून घेताना सीलबंद बाटली, पक्की पावती आणि आतलं माहितीपत्रक घ्या. पत्रकात ‘उतारा’ अशी ओळ असते. डॉक्टरला पुढे तीच लागते, म्हणून तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

अंगावर काय घालायचं

आपल्याकडची खरी अडचण उकाडा. पुस्तकातला संपूर्ण पोशाख चढवून मार्च महिन्यात सांग्याच्या उतारावर तासभर चालून दाखवा म्हणावं. दमटपणात घाम सुकत नाही, माणूस भोवंडतो आणि मग हातमोजे काढून फेकतो. त्यामुळे सगळं नाही जमलं तर काय सोडायचं आणि काय अजिबात सोडायचं नाही, हे ठरवून ठेवा.

न सोडायचं: हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब विजार, काठाची टोपी आणि डोळ्यांवर गॉगल. हातमोजे नायट्राइलचे, मनगटाच्या वरपर्यंत येणारे. कापडाचे किंवा चामड्याचे मोजे औषध शोषून घेतात आणि दिवसभर हाताशी धरून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात बरा, तो निदान धुता येतो. डॉक्टरांचे पातळ मोजे या कामाचे नव्हेत. विजारीचे पाय बुटांच्या बाहेर ठेवा, आत खोचले तर वरचं पाणी ओघळून बुटात साचतं. बाह्यांचं उलटसुलट आहे. खाली भाजीवर फवारताना बाही मोज्याच्या बाहेरून. वर काजूवर किंवा पोफळीवर फवारताना मोजा बाहीच्या बाहेरून आणि त्याचा काठ दुमडून वर केलेला, म्हणजे हात वर केल्यावर ओघळ त्या दुमडीत अडतो, काखेत जात नाही.

पाठ विसरू नका. पाठीवरच्या पंपाचं झाकण आणि जोड हमखास गळतात आणि शर्ट पाठीला चिकटतो. पंपाखाली जाड प्लॅस्टिकचा तुकडा बांधा. झाडं डोक्याच्या वर असतील तर रेनकोटचं जाकीट घाला, फक्त मग काम सकाळच्या तासा-दीड तासाच्या तुकड्यातच करा.

मास्कचं म्हणाल तर धुळीचा साधा मास्क वाफेला अडवत नाही. वाफेसाठी कोळशाचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो आणि त्याचं कार्ट्रिज बदलावं लागतं. मास्क लावूनही वास येऊ लागला की ते संपलं. पावडर कालवताना मात्र धुळीचा मास्कही उपयोगाचा.

मालकांसाठी इथेच सांगतो: १९७१ च्या कीटकनाशक नियमांत हे काम करणाऱ्यांना संरक्षक कपडे, श्वसनाची साधनं, प्रशिक्षण आणि प्रथमोपचार पुरवण्याच्या तरतुदी आहेत. ‘त्याला घालायला आवडत नाही’ हे उत्तर होत नाही.

कालवणी: दिवसातली सगळ्यात धोक्याची दहा मिनिटं

नवख्याला वाटतं फवारा धोक्याचा. फवारा तर आहेच, पण खरा धोका बाटली उघडण्यात. समजा प्रमाण लिटरला १ मिली आहे. म्हणजे बाटलीतलं औषध पंपातल्या पाण्यापेक्षा हजारपट तीव्र. मोजताना हातावर १ मिली सांडलं, तर जणू लिटरभर फवारा अंगावर घेतला. त्यात ‘ईसी’ लिहिलेल्या औषधांत पेट्रोलियमसारखे द्रावक असतात, ते कातडीतून औषध आत न्यायला मदत करतात. म्हणून कालवणीच्या वेळी मोजे, गॉगल आणि छातीपासून गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिकचा एप्रन, उकाडा असो नसो. दहाच मिनिटं आहेत.

कालवणी उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन, विहीर, झर आणि पाट यांपासून दूर करा. आधी पंपात नुसतं पाणी भरून दाबा आणि गळती बघा, गळका पंप त्या दिवशी वापरायचा नाही. मोजायला वेगळं माप ठेवा, त्यावर लाल रंगाने खूण करा, घरातला कप किंवा चमचा कधीच नाही. ढवळायला काठी. हाताने ढवळणारे जुनेजाणते तुम्हाला भेटतील, ‘मला तीस वर्षांत काही झालं नाही’ असंही सांगतील. त्यांना नमस्कार करावा आणि काठीने ढवळावं. पंप काठोकाठ भरू नका, वाकल्यावर सांडतो. साबण आणि वीस-पंचवीस लिटर स्वच्छ पाणी कालवणीच्या जागीच आणून ठेवलेलं हवं, नंतर शोधत बसायला वेळ नसतो.

दोन-तीन औषधं एकत्र करायचा मोह फार. ढेकण्या (काजूचा रस शोषणारी कीड) आहे, करपा आहे, एकदाच मारून टाकू असं म्हणतात. लेबलवर स्पष्ट परवानगी नसेल तर करू नका. २०१७ मध्ये यवतमाळात कापसावर फवारणी करताना विसाहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो इस्पितळात गेले. तिथे कीटकनाशकांची मिश्रणं होती, अंगावर संरक्षण नव्हतं, आणि कापूस डोक्याइतका वाढलेला असल्यामुळे फवारा वर जाऊन फवारणाऱ्याच्याच अंगावर पडत होता. हे शेवटचं कारण नीट वाचा. तिथे ते एका हंगामाचं होतं, आपल्याकडे काजू आणि पोफळ नेहमीच डोक्याच्या वर असतात.

बोर्डोबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ‘मोरचूद आणि चुनाच तर आहे’ म्हणून कुळागरवाले त्याला विषात धरतच नाहीत. कीटकनाशकांच्या मानाने ते सौम्य आहे, कबूल. पण कळीचा चुना डोळ्यात गेला तर बुब्बुळ भाजतं, आणि चुना कमी पडलेलं मिश्रण आम्ल राहतं, ते कातडीलाही झोंबतं. तयार मिश्रणात कोयत्याचं घासलेलं पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे. कोळेरोगासाठी (सुपारी सडवणाऱ्या बुरशीसाठी) पातं बघतातच, आपल्या कातडीसाठीही बघावं. दुसरी गोष्ट श्वासाची. १९६९ साली पोर्तुगालच्या डॉक्टरांनी द्राक्षमळ्यांत वर्षानुवर्षं बोर्डो फवारणाऱ्या मजुरांच्या फुफ्फुसांचा आजार नोंदवला, त्यांच्या फुफ्फुसांत तांबं साठलेलं होतं. तेव्हा पोफळीला खालून लांब काठीने बोर्डो मारत असाल तर नेमकं झाडाखाली उभं राहू नका, तिरपे उभे राहा. पाडेली (झाडावर चढणारा माणूस) वर चढून मारत असेल तर खाली पंप दाबणाऱ्याचीही टोपी आणि मास्क हवाच, पाऊस त्याच्याच डोक्यावर पडतो.

वारा, वेळ आणि वाट

गोव्यात पहाटेपासून साधारण नऊपर्यंत वारा मंद असतो. उन्हं चढली की समुद्रावरून वारा सुटतो, किनाऱ्याजवळ आधी, सत्तरी-सांग्याकडे थोडा उशिरा. त्याच्या आत काम संपलं पाहिजे. अगदी पानही हलत नसेल तर खोल दरीतल्या कुळागरात फवारा तसाच तरंगत राहतो, तेव्हाही थांबा. थोडी झुळूक हवी आणि ती पाठीशी किंवा बाजूने. फवारलेल्या ओळीतून पुढे चालत जायचं नाही, न फवारलेल्या बाजूला सरकत जायचं.

नोझल अडलं तर तोंडाने फुंकायचं नाही. ही सवय मी चांगल्या शिकलेल्या लोकांतही पाहिली आहे. खिशात जुना टूथब्रश आणि एक जादा नोझल ठेवा. मध्येच विडी, तंबाखू, गुटखा, पान नको, कारण हाताला लागलेलं थेट तोंडात जातं. पाणी प्यायचं तर शेताबाहेर येऊन, मोजे काढून, साबणाने हात धुऊन. उपाशीपोटी कामाला लागू नका, आणि आदल्या रात्री किंवा त्या दिवशी दारू नको. हुर्राकाचा मोसम आणि काजूची कामं एकत्र येतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. घेतलेल्या माणसाला चक्कर दारूची की औषधाची हे कोणालाच कळत नाही आणि तेवढा वेळ जातो.

एकट्याने फवारणी करू नका. दुसरा माणूस हाकेच्या अंतरावर असू द्या. गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, अठरा वर्षांखालची मुलं, दमा असलेले आणि अंगावर ताजी जखम असलेले यांना या कामात घेऊच नये.

काम संपल्यावर

पंप पाटात धुऊ नका. कुळागराचा पाट खालच्या घराच्या विहिरीशी जातो, आणि खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, फवारलेलं मानशीतून, बांधाच्या दारातून, खाडीत उतरतं. सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशांना आणि कोळंबीला अगदी थोड्या मात्रेतही मारतात. बाटली तीनदा खळाळून ते पाणी पंपातच ओता आणि पिकावरच संपवा. रिकाम्या बाटलीला भोकं पाडा, म्हणजे कोणी तिच्यात काही भरणार नाही. जाळू नका, धूर विषारी असतो.

मग लगेच आंघोळ, घरी पोचल्यावर किंवा जेवल्यावर नव्हे. साबणाने डोकं, कान, नखं, जांघा, सगळं. मोजे हातातून काढायच्या आधी बाहेरून धुवा. कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. वेगळ्या बादलीत आधी नुसत्या पाण्यात, मग साबणात, आणि धुणाऱ्या बाईच्या हातातही मोजे हवेत. फवारणीला कधीच न गेलेल्या बायकांच्या हातांवर चट्टे उठतात ते बऱ्याचदा याच धुण्यातून. भिजून सुकलेला शर्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा घालणं म्हणजे कालचंच औषध आज घामात विरघळवून अंगात घेणं.

फवारलेल्या बागेत परत कधी जायचं ते लेबलवर असेल तर तसं करा, नसेल तर निदान चोवीस तास तिकडे फिरकू नका. पहाटेच्या दवाने पानावरचं औषध पुन्हा ओलं होतं आणि बेणणी करणाऱ्या, काजू वेचणाऱ्या बायकांच्या साड्यांना लागतं. बागेच्या वाटेवर लाल फडकं बांधा आणि शेजाऱ्यांना सांगा. बोंडू पिकायला लागल्यावर काजूवर फवारणी नकोच. मुलं बोंडू उचलून तिथेच खातात, त्यांना तुमचं फडकं दिसत नाही.

एक आडवळणाची सूचना. कमी फवारणं हाच अंग वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. काजूवरचे हुमले (तांबडे मुंगळे) चावतात म्हणून लोक त्यांच्यावरच औषध मारतात, पण ढेकण्याला हेच हुमले झाडावरून हाकलतात. पोफळीचे घोस पावसाआधी प्लॅस्टिकने झाकले तर बोर्डोची एखादी फेरी वाचते. जुन्या गोव्यातल्या एला इथल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेत आणि कृषी विज्ञान केंद्रांत याबद्दल विचारलं तर सांगतात.

‘ऊन लागलं’ की औषध लागलं?

डोकं दुखणं, मळमळ, भोवंड, थकवा. आपण म्हणतो ऊन लागलं, पित्त झालं, आणि कोकम सरबत पिऊन पडतो. फवारणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी असं झालं तर आधी औषधाचाच संशय धरा. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं शरीरातल्या एका एन्झाइमला, कोलिनेस्टरेजला, अडवतात. त्यामुळे नसांचे संदेश थांबतच नाहीत. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतं, घाम फुटतो, पोटात मुरडा येऊन उलट्या-जुलाब होतात, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी लहान होते आणि समोरचं अंधुक दिसतं. पुढे पापण्या आणि दंड फडफडतात, छाती भरून येते, श्वास लागतो. उन्हाने पडलेल्या माणसाची बाहुली अशी बारीक होत नाही आणि तोंड कोरडं पडलेलं असतं. घरच्या माणसाला एवढा फरक ओळखता आला तरी पुष्कळ.

सायपरमेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन यांची खूण वेगळी: चेहऱ्याला आणि हाताला मुंग्या, आग. बहुधा दिवसभरात उतरते. त्यावर गरम पाणी मारू नका, आग वाढते. मुंग्या आल्या म्हणजे औषध कातडीला लागलं आणि आपल्या पद्धतीत कुठेतरी भोक आहे.

हळू चढणारं प्रकरण ओळखायला अवघड. अडलेलं कोलिनेस्टरेज पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात. सोमवारी थोडं, गुरुवारी थोडं, पुढच्या सोमवारी पुन्हा, असं करत पातळी घसरत जाते आणि एखाद्या साध्या दिवशी, नेहमीएवढ्याच फवारणीने, माणूस कोसळतो. त्याला आणि मालकाला दोघांनाही कळत नाही की आजच असं काय झालं. हंगामभर फवारणार असाल तर सुरू करण्याआधी एकदा आणि मध्ये एकदा कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. पहिला आकडा हाताशी असला तरच दुसऱ्याचा अर्थ लागतो. काम आळीपाळीने वाटून घेणं हाही उपाय आहे, पण जो ‘चांगला फवारतो’ त्यालाच सगळे बोलावतात आणि सगळं त्याच्याच अंगावर येतं.

कोणी पडला तर

आधी तुमचे हातमोजे घाला. मग त्याला सावलीत, फवाऱ्यापासून लांब न्या, भिजलेले कपडे कापून काढा, आणि साबण-पाण्याने अंग धुवत राहा. डोळ्यात गेलं असेल तर पापणी उघडी धरून निदान पंधरा मिनिटं पाण्याची धार. दुसऱ्या माणसाने तोवर १०८ ला फोन करायचा. शुद्ध कमी असेल तर कुशीवर झोपवा, म्हणजे लाळ आणि उलटी घशात अडकणार नाही. मिठाचं पाणी पाजून किंवा बोट घालून उलटी करवू नका, द्रावक फुफ्फुसांत शिरतं. दूध, तूप, लिंबू, फेणी यांपैकी काहीही उतारा नव्हे. तोंडाने श्वास द्यायची वेळ आली तर आधी त्याचं तोंड पुसा आणि मध्ये काही आडोसा ठेवा, नाहीतर दोघे पडाल.

बाटली किंवा निदान लेबलचा फोटो बरोबर न्या. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस डॉक्टरांना आणि सामान्य माणसांनाही सल्ला देतं, हा नंबर मांगराच्या दारावर रंगवून ठेवा. गंभीर रुग्ण शेवटी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजातच) जातो, पण थेट तिकडे न्यायच्या हट्टापायी वाटेतलं आरोग्य केंद्र टाळू नका. तिथे अ‍ॅट्रोपिनची, म्हणजे ऑर्गनोफॉस्फेटवरच्या उताऱ्याची, इंजेक्शनं सुरू होऊ शकतात आणि श्वास सांभाळला जातो. सत्तरीच्या आतल्या गावांतून बांबोळी तासाभरापेक्षा जवळ नाही.

डॉक्टरांना खरं सांगा: कोणतं औषध, किती वेळ फवारलं, कधी त्रास सुरू झाला, दारू घेतली होती का. विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाते, म्हणून काही घरं, आणि काही मालक, ‘जेवणातून झालं’ असं सांगतात. त्या खोट्याने उतारा उशिरा मिळतो. फवारताना विष चढणं हा अपघात आहे. तो तसाच केसपेपरवर लिहून घ्या, पुढे भरपाई मागायची झाली तर तोच कागद उपयोगी पडतो.

दोन दिवसांत बरा झालेला माणूसही चार दिवस नजरेखाली हवा. ऑर्गनोफॉस्फेटच्या विषबाधेत पहिली लक्षणं उतरल्यावर, एक ते चार दिवसांच्या दरम्यान, मान आणि छातीचे स्नायू ढिले पडू शकतात. उशीवरून डोकं उचलता येत नसेल, आवाज बसला असेल, गिळताना त्रास होत असेल तर तसाच परत इस्पितळात न्या, सकाळची वाट बघू नका. घरी आल्यावर डॉक्टर ‘आता हरकत नाही’ म्हणेपर्यंत त्याने पंपाला हात लावायचा नाही, औषध कालवायलाही जायचं नाही. तोवर त्याला काम द्यायचंच तर फवारलेल्या बागेबाहेरचं द्या, आणि मजुरी तीच.